शेकोटीची नक्षीदार सळई घडवायला घेण्याआधी

भट्टीचं नंतर बघू, आधी घरातली शेकोटी मोजा. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत एकतर उघडी फायरप्लेस असते, नाहीतर तिच्या कोनाड्यात बसवलेला काचेच्या दाराचा लोखंडी स्टोव्ह. दोन्हींना लागणारी विस्तव हलवायची सळई, म्हणजे इथले लोक जिला पोकर म्हणतात ती, वेगवेगळ्या लांबीची. झाडूची दांडी हातात घ्या, विस्तव नसताना शेकोटीसमोर नेहमीसारखे बसा आणि दांडीचं टोक मागच्या भिंतीला टेकवा. हात जिथे सहज राहतो तिथे खूण करा. उघड्या फायरप्लेसला साधारण ७०० मिमी लागतात. छोट्या स्टोव्हला ४५० ते ५०० पुरतात, कारण दार अरुंद असतं आणि लांब सळई आत वळवताच येत नाही.

मग जळण काय आहे ते बघा, कारण टोकाचा आकार त्यावर ठरतो. कोळशाच्या आगीत सळईचं काम ढेकळं फोडायचं आणि राख जाळीखाली पाडायचं, त्याला सरळ टोक पुरतं. पण इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून घरगुती दगडी कोळशाची पोती विकायला बंदी आली आणि १ मे २०२३ पासून सुटा कोळसाही बंद झाला. आता बहुतेक घरांत लाकूडच जळतं, तेही २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं. ओंडका ढोसून उपयोग नसतो, तो फिरवावा लागतो, पुढे ओढावा लागतो. म्हणून टोकाला आकडा हवाच. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळशा शोभेच्या सळयांची मूठ सुरेख असते आणि आकडा मात्र इतका तोकडा की ओंडका घसरून गालिच्यावर यावा. ही वस्तू आधी हत्यार आहे, हे ध्यानात ठेवूनच नक्षी आखा.

लोखंड घ्यायचं ते साधं, काळ्या खपलीचं माइल्ड स्टील, १२ मिमी चौकोनी. चमकदार गॅल्व्हनाइझ केलेला तुकडा कितीही फुकट मिळाला तरी भट्टीजवळ आणू नका. वरचा जस्ताचा थर जळतो, त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो, आणि बंदिस्त जागेत तो धूर फार वाईट. रंग किंवा मुलामा दिलेल्या जुन्या सळयांचंही तेच. चौकोनीच का, तर नक्षीचा पीळ चौकोनी सळईलाच शोभतो. गोल सळईला पीळ दिला तरी दिसत नाही.

आता खरी तयारी, ती म्हणजे लांबीचा हिशोब. ठोकल्याने लोखंड कमी होत नाही, नुसतं जागा बदलतं. १२ मिमीची सळई निमुळती करत टोकाशी ६ मिमीवर आणली, तर १०० मिमीचे जवळजवळ १७० होतात. हे आधी मांडलं नाही की कडी मोठी आणि दांडा तोकडा अशी गत होते. माझी आखणी अशी असते: मुठीच्या टोकाला कडीसाठी १००, मग हाताच्या पकडीचा साधा भाग ११०, पीळ १५०, दांडा २९० आणि आकड्यासाठी ७०. बेरीज ७२०. घडल्यावर कडीचे १७० वळून उंचीला पन्नास-पंचावन्नच उरतात, आकड्याचे ७० लांबून शंभरेक होतात आणि सगळं मिळून ७०० च्या आसपास येतं. कापताना ७५० कापा. वजन साडेआठशे ग्रॅमच्या आत राहतं, एका हाताने ओंडका फिरवायला ते बरोबर आहे.

हे माप कागदावर नको, जमिनीवर हवं. फरशीवर किंवा पत्र्यावर खडूने पूर्ण आकाराचं चित्र काढा, कडीचा गोल आणि आकड्याचा बाक दोन्ही, म्हणजे गरम सळई वर धरून ताडता येते. फरशी काँक्रीटची असेल तर सळई नुसती वर धरा, टेकवू नका. तापलं लोखंड टेकलं की काँक्रीट तडकून चिपा उडतात. खुद्द सळईवर खडू किंवा मार्कर चालत नाही, पहिल्या तावातच, म्हणजे भट्टीत पहिल्यांदा तापवतानाच, खूण जळून जाते. सेंटर पंचने, म्हणजे खूण करायच्या टोकदार पोलादी हत्याराने, एकेक टिंब मारा, तेही एका कडेवर, खोल. लाल सळईवर ते टिंब काळ्या ठिपक्यासारखं दिसतं.

पीळ दोरासारखा उठून दिसावा असं वाटत असेल तर त्या १५० मिमीच्या चारही बाजूंवर मधोमध छिन्नीने एक रेघ आधीच कोरावी लागते. पीळ दिल्यावर ते जमत नाही. बोथट धारेची, कोपरे गोल केलेली छिन्नी यासाठी वेगळी ठेवा, तीक्ष्ण छिन्नीने रेघेऐवजी चीर पडते. आकडा करताना सळईचं टोक लांबीत चिरून दुभागायचं असतं. ही फाळणी सुरू करण्याआधी टोकापासून ७० मिमीवर ४ मिमीचं भोक थंड असतानाच पाडून ठेवा. चीर तिथे येऊन थांबते, पुढे दांड्यात शिरत नाही.

कामाचा क्रमही भिंतीवर लिहा. आधी आकडा फाडून वाकवायचा, कारण तेव्हा सळईचं दुसरं टोक थंड असतं आणि सांडस न घेता हातात धरता येतं. मग रेघा, मग पीळ, मग पकडीच्या भागाचे कोपरे मारून त्याला आठ पैलू आणायचे, आणि कडी सगळ्यात शेवटी. पकडीचे कोपरे पिळाआधी मारले तर पीळ द्यायला सळईवर चढवायचा पाना घसरतो, आणि कडी आधी वळवली तर पाना आत जातच नाही. १२ मिमीची सळई भट्टीतून काढल्यावर अर्धा मिनिटही घावाला राहत नाही. तेवढ्यात ठरवायला वेळ नसतो, म्हणून सगळं थंड असतानाच ठरवून घ्यायचं.

पिळाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नक्षीचा जीव तिथेच आहे. १५० मिमीत दोन ते तीन पूर्ण फेरे छान दिसतात. पण सारखा पीळ हाताने येत नाही, तो सारख्या तावाने येतो. सळई जिथे जास्त तापली असेल तिथे ती लवकर वळते आणि पीळ तिथेच दाट होतो. म्हणून आधीच बघून ठेवा की तुमच्या भट्टीत सळईचा मधला १५० मिमी एकसारखा तापतो का. गॅसची भट्टी असेल तर तिला मागूनही तोंड हवं, नाहीतर सळईचा मधला भाग आगीत बसतच नाही. सळई पकडून ठेवणाऱ्या व्हाइसशेजारी चोचीचा पाण्याचा डबा ठेवा. पीळ एखाद्या जागी धावायला लागला की तिथेच बारीक धार सोडायची, ती जागा थंड होते आणि उरलेला भाग वळायला लागतो. काळ्या पडत चाललेल्या केशरी सळईवर ती धार पडते तेव्हा खपल्या तडतडत उडतात, चष्मा त्याआधीच डोळ्यांवर हवा. पाना दोन्ही हातांनी फिरवता येईल असा, म्हणजे पाइप पान्याला समोरून दुसरी दांडी वेल्ड केलेला. एका हाताने फिरवला की सळई वाकडी जाते. वाकडी झालीच तर सरळ करायला लाकडी हातोडा आणि लाकडाचा ठोकळा, लोखंडी हातोड्याने पिळाच्या कडा चपट्या होतात.

भट्टीकडे आता. इथल्या बऱ्याच जुन्या भट्ट्यांत वारा बाजूने येतो आणि त्याची नळी पाण्याच्या टाकीतून जाते, तेव्हा टाकी भरलेली आहे का हे पेटवण्याआधी बघायचं. जळण कोक, वाटाण्याएवढ्या खड्यांचा. १७०९ मध्ये अब्राहम डार्बी या लोखंड गाळणाऱ्याने श्रॉपशरमधल्या कोलब्रुकडेलला कोकवर, म्हणजे भाजून धूर काढून टाकलेल्या दगडी कोळशावर, लोखंड गाळून दाखवलं. कोकची आग स्वच्छ असते, पण वारा थांबला की विझते, आपल्याकडच्या लोणारी कोळशासारखी धुमसत राहत नाही. म्हणून पंखा आधी चालवून बघा, सुकी काटकी हाताशी ठेवा आणि कालच्या आगीची चिकट खंगरं, म्हणजे राख वितळून झालेले गोळे, आधीच वेचून काढा. खंगर राहिलं तर ताव बसत नाही. भट्टी गॅरेजमध्ये असेल तर दार उघडं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू. या दोन गोष्टींत सूट नाही.

ऐरणीची उंची बघा. ताठ उभं राहून मूठ खाली सोडली की बोटांची हाडं तिच्या माथ्याला टेकावीत. ऐरण हलत असेल तर खाली पाचरी मारा. लंडन पॅटर्न नावाच्या ऐरणीला शिंगाच्या, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाच्या, मुळाशी एक खालची पायरी असते, ती मऊ असते, फाळणी तिथेच करा. पायरी नसेल तर माथ्यावर साध्या लोखंडाची पट्टी अंथरा, म्हणजे छिन्नी आरपार गेली तरी माथ्याला घाव लागत नाही. छिन्नी दर तीन-चार घावांनी पाण्यात बुडवायची, नाहीतर तिचीच धार मऊ पडते. हातोडा किलोभराचा, माथ्याच्या कडा गोल केलेला. सांडस १२ मिमीची सळई घट्ट धरते का ते थंड सळईवर तपासा. सैल सांडशीतून तापली सळई उडते. तारेचा ब्रश ऐरणीलाच टांगा, कारण प्रत्येक तावाला खपल्या झाडाव्या लागतात. झाडल्या नाहीत तर त्या घावाखाली लोखंडात रुततात आणि पृष्ठभाग देवी आल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा होतो.

कुणी मदतीला घण घालणार असेल तर खुणा आधी ठरवा. आपल्याकडे रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबं काम करतात ती आठवून बघा. नवरा सांडशीत फाळ धरून बसलेला, बायको उभ्याने घण घालते, आणि दोघांत शब्द नसतो. छोट्या हातोड्याने तो जागा दाखवतो, तिथे घण पडतो. ‘बस’ची खूणही पक्की हवी. मी ऐरणीवर रिकामा टोला देते, तो वाजला की घण खाली.

कपडे सुती किंवा लोकरीचे. नायलॉन-पॉलिएस्टर नाही, ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटतं. ओढणी, मफलर, अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र सगळं घरात. केस बांधलेले, बूट चामड्याचे, पँट बुटाच्या वरून. हातमोजा घालणार असाल तर तो कोरडा असावा, ओल्या मोज्यात वाफ होऊन हात जास्त भाजतो. लाल लोखंडाला कुणी हात लावत नाही, भाजतं ते काळं पडलेलं पण गरम असलेलं. जमिनीवर पडलेल्या कुठल्याही तुकड्याजवळ आधी हाताची मागची बाजू न्यायची सवय लावा. भाजलंच तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद, तूप, टूथपेस्ट काही नाही. नळ कुठे आहे आणि तिथवर वाट मोकळी आहे ना, हे सुरू करण्याआधी बघून या.

शेवटच्या हाताचं सामान सळई गरम असतानाच लागतं, म्हणून तेही आधी काढून ठेवा. सळई मेण लगेच वितळेल इतकी गरम असताना मधमाशांचं मेण चोळलं की तिला गडद, मऊ काळा रंग येतो. मेण मुठीला, पिळाला आणि दांड्याच्या वरच्या अर्ध्या भागाला. आकड्याला काहीही लावू नका, पहिल्याच आगीत ते जळून घरभर धूर होईल. मेणात जवसाचं तेल मिसळत असाल तर पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्याची झाकणाची बादली शेजारीच ठेवा आणि हात पुसून झाल्या झाल्या चिंध्या तिच्यात बुडवा.