पहिला पॅच लिहू नका, आधी एक तपासा

नागपुरात इंजिनिअरिंगची पोरं भेटली की हमखास विचारतात, "भाऊ, लिनक्स कर्नलमध्ये पहिला पॅच कायचा टाकू?" कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि पॅच म्हणजे त्यात करायला पाठवलेला बदल. माझं उत्तर ठरलेलं: टाकू नको, आधी दुसऱ्याचा तपास. त्यातही रॉकचिप कंपनीच्या आरके३३२६ किंवा आरके३५६६ चिपवर चालणाऱ्या, हातात धरून खेळायच्या गेमिंग यंत्राचा पॅच दिसला तर सोडू नको. अशा पॅचमध्ये नवा सी कोड बहुतेकदा नसतोच. असते ती डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय याचं वर्णन. ते वाचायला शेड्युलर, म्हणजे कुठलं काम प्रोसेसरवर कधी चालेल ते ठरवणारा कर्नलचा भाग, समजावा लागत नाही. यंत्र तुझ्या हातात असेल तर उत्तमच, कारण पुष्कळ मेंटेनरांकडे, म्हणजे पॅच स्वीकारणाऱ्यांकडे, ते नसतं.

चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) आणि डीटीबीएस_चेक (डिव्हाइस ट्री नियमांत बसते का ते बघणारी तपासणी) आधी चालवून घे. बाइंडिंगचा (डिव्हाइस ट्रीत काय कसं लिहायचं त्या नियमांचा) पॅच डीटीएसच्या, म्हणजे डिव्हाइस ट्रीच्या फाइलच्या, आधी आलाय ना, तेही बघ. ही कामं स्क्रिप्टच करते, त्यात आपली हुशारी काही नाही.

खरी गंमत बटणांत आहे. या यंत्रांवर उजवीकडच्या बटणावर बऱ्याचदा 'ए' छापलेलं असतं आणि खालच्यावर 'बी'. लिहिणारा सरळ बीटीएन_ए हा कर्नलमधला बटणाचा कोड टाकून मोकळा होतो. पण कर्नलच्या गेमपॅडच्या नियमात छापील अक्षराला काही किंमत नाही, बटण कुठल्या दिशेला आहे ते मोजतात. बीटीएन_ए हे बीटीएन_साउथचंच दुसरं नाव, म्हणजे खालचं बटण. तेव्हा उजवीकडच्या 'ए'ला बीटीएन_ईस्टच हवं. स्क्रिप्टला यात काहीच खटकत नाही, खटकतं ते यंत्र हातात घेऊन इव्हटेस्ट (कुठलं बटण दाबलं ते दाखवणारं साधन) चालवणाऱ्याला.

दुसरी जागा रेग्युलेटर, म्हणजे बोर्डावरच्या भागांना ठरावीक व्होल्टेज पुरवणारा भाग. व्होल्टेज इथे मायक्रोव्होल्टमध्ये लिहितात, ३.३ व्होल्ट म्हणजे ३३०००००. शून्यं मोजून घे, लाजू नको. किमान-कमाल मर्यादा इव्हॅल्युएशन बोर्डाच्या (चिप कंपनीच्या नमुना बोर्डाच्या) फाइलमधून जशीच्या तशी उचललेली असते, ती या बोर्डाला लागू आहे का ते विचार. जिथे तिथे 'कायम चालू' लिहिलं असेल तर का, हेही विचार. बॅटरीवरचं यंत्र आहे, झोपल्यावर करंट कोण खातंय हे कळायला पाहिजे.

बूट लॉग, म्हणजे यंत्र सुरू होतानाचे संदेश, बघायला यूएसबी-सिरियल अॅडॉप्टर लागेल. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) घेताना आत कुठली चिप आहे ते विचारून घे. रॉकचिपच्या बोर्डांचा कन्सोल, म्हणजे हे संदेश बाहेर येण्याची वाट, सहसा १५००००० बॉडच्या वेगावर असतो आणि सीपी२१०२ ही चिप दहा लाखांच्या वर जात नाही. मग स्क्रीनवर नुसता कचरा येतो आणि पोरं बोर्डाला शिव्या घालत बसतात.

आता पॅचला मेलवर द्यायचं उत्तर. 'छान वाटतंय' एवढंच लिहिलंस तर कोणाच्याही काही कामाचं नाही. काय तपासलंस ते लिही. नुसतं चालवून पाहिलं असेल तर टेस्टेड-बाय ही ओळ दे; रिव्ह्यूड-बाय म्हणजे कोड वाचला आणि त्यात गंभीर तांत्रिक अडचण उरलेली नाही असं आपलं मत दिलं. मेल साध्या मजकुरात, उत्तर उद्धृत ओळीच्या खाली. मर्ज विंडोचे, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचे, दोन आठवडे चालू असतील तर शांतता असते, तेव्हा आठवण करून देऊ नकोस.