म्हातारं किंवा दिव्यांग माणूस, हातात पैसे कमी, आणि राहायला जागा हवी: गोव्यात काय करायचं

सुरुवात प्रोवेदोरियाच्या पणजीच्या ऑफिसातून करा, पोर्तुगीज काळापासूनची संस्था आहे, आता सरकारी, गरीब म्हाताऱ्यांसाठी वृद्धाश्रम चालवते. त्यासोबत चर्चचे आणि ट्रस्टचे आश्रमपण बघा, एकाच ठिकाणी नाव लावून गप्प बसू नका, वेटिंग असतंच. कोणाला विचारायचं तेच कळत नसेल तर १४५६७ लावा, ज्येष्ठांची एल्डरलाइन, फोन फुकट.

कागद आधीच काढून ठेवा. आधार, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आणि दिव्यांग असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), त्यावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सरकारी घरांच्या स्कीममध्ये ५ टक्के जागा राखीव ठेवायला सांगितलंय, म्हणून पर्वरीला हाउसिंग बोर्डात गेलात तर हे स्पष्ट विचारा, तळमजलापण मागा. डीएसएसएसची, म्हणजे गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची पेन्शन चालू नसेल तर तीपण करून घ्या, म्हाताऱ्यांमध्ये साठीच्या पुढे आणि १५ वर्षं गोव्यात राहिलेल्याला मिळते.

आता जागा बघणं. हॉल आणि बाग सगळेच दाखवतात, तुम्ही सरळ बाथरूममध्ये जा. टेप घेऊन जा, दरवाजा ९० सेंटीमीटर मोकळा असेल तर व्हीलचेअर आरामात जाते, आणि रॅम्प म्हणजे पायरीच्या उंचीच्या १२ पट लांब, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला जवळपास दोन मीटर, बऱ्याच ठिकाणी नुसती घसरगुंडी केलेली असते. शक्यतो पावसाळ्यात बघा, व्हरांड्यातल्या लाद्यांवर शेवाळ आहे का ते तेव्हाच कळतं. जेवणाच्या वेळेला जा, ताटात नुस्तें (मासे) कधी असतं ते तिथल्या आजीआजोबांनाच विचारा, मॅनेजरला नको.

आणि मुख्य प्रश्न लाजून टाळू नका: माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवणार की घरी न्या म्हणणार? रात्री कोण असतं? डिपॉझिट परत मिळतं का? पेन्शनचं पासबुक कोणाकडे राहणार? उत्तर लेखी घ्या, तोंडी "बघू आपण" चालत नाही.

घर सोडायच्या आधी अजून एक. ते मुंडकाराचं घर असेल, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत पूर्वीपासून राहत असाल, तर मामलेदाराच्या रजिस्टरमध्ये नाव आहे की नाही बघा, १९७५ चा मुंडकार कायदा भाटकाराला असंच बाहेर काढू देत नाही, आणि हक्क पक्का असेल तर कधीकधी त्याच घरात रॅम्प आणि कमोड बसवणं स्वस्त पडतं. पुतण्याच्या किंवा मुलीच्या नावावर घर करत असाल तर सांभाळण्याची अट गिफ्ट डीडमध्येच (बक्षीसपत्रात) लिहा. मग सांभाळलं नाही तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली ट्रिब्युनलकडे ते गिफ्ट रद्द करून मागता येतं, आणि तिथे वकील नसला तरी अर्ज करता येतो.