टाइलसेटची माहिती लिहिताना या चुका टाळा

'नेव्हरविंटर नाइट्स' हा कॉम्प्युटर गेम २००२ साली आला, सोबत खेळाडूंना स्वतःची ठिकाणं रचता यावीत म्हणून ऑरोरा टूलसेट हे साधन घेऊन. त्यासाठी नवे टाइलसेट, म्हणजे ठिकाणं रचायच्या चौकोनी तुकड्यांचे (टाइलचे) संच, बनवणारे लोक आजही आहेत. गुहा, बंदरं, बर्फातली गावं, सगळं देखणं असतं. सोबतची रीडमी, म्हणजे माहितीची फाइल, मात्र चार ओळींची: नाव, आभार, आवृत्ती, 'मजा करा'. मग नवी आवृत्ती येते आणि कुणीतरी वैतागून विचारतं, "माझ्या चौकातल्या विहिरीच्या जागी कडा कुठून आला?"

क्रमांक हलवू नका, आणि हललेच तर लपवू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टाइलसेटची यादी असलेल्या डॉट-सेट फाइलमध्ये प्रत्येक टाइलला शून्यापासून क्रमांक असतो. बिल्डरनं, म्हणजे तुमचा टाइलसेट वापरणाऱ्यानं, बनवलेल्या एरियात (ठिकाणात) प्रत्येक चौकोनातली टाइल या क्रमांकानंच साठवली जाते, तिच्या मॉडेलच्या (त्रिमितीय आकृतीच्या) नावानं नाही. समजा, विहीर ४१२ वर आहे आणि कडा ४११ वर. तुम्ही नवा पूल यादीच्या मध्येच, ४० व्या जागी घुसवलात. विहीर सरकून ४१३ वर गेली, ४१२ वर कडा येऊन बसला. जुना एरिया अजूनही इमानदारीत ४१२ च मागतोय. एका पुलापायी अख्खं गाव विस्कटलं! ग्रुपच्या (घरासारख्या, अनेक टाइल मिळून बनणाऱ्या रचनेच्या) नोंदीही टाइलचे हेच क्रमांक वापरतात, त्यामुळे तुम्ही त्याही दुरुस्त केल्या नाहीत तर घरांची छपरं भलत्याच भिंतींवर चढतात.

नवी टाइल नेहमी शेवटी जोडा आणि वरचा एकूण आकडा वाढवायला विसरू नका. एखादी टाइल नकोशी झाली तर तिची जागा रिकामी न करता तिथे साधी जमीन ठेवा. बदलांच्या नोंदीत 'काही सुधारणा' लिहून कुणाचंही भलं होत नाही. '४१३ ते ४२० नव्या. ८७ चं मॉडेल बदललं, जागा तीच' असं लिहा. घोळ आधीच बाहेर पडला असेल तर पुढच्या आवृत्तीत जुना क्रम परत आणा. मधल्या आवृत्तीत एरिया बनवणाऱ्यांना त्याचा फटका बसणार, म्हणून ती सूचना रीडमीत अगदी वर हवी.

दारं

टाइलसेटमधलं खास दार डोअरटाइप्स या टूडीए तक्त्यातल्या (टूडीए म्हणजे गेमची माहिती ओळी-स्तंभांत ठेवणारी फाइल) ओळीच्या क्रमांकावरून ओळखलं जातं. मॉड्यूलमध्ये, म्हणजे बिल्डरनं रचलेल्या साहसात, दोन हॅक (बाहेरून जोडायच्या फाइलींचे गठ्ठे) असतील आणि दोन्हींत हा तक्ता असेल, तर यादीत वर असलेल्या हॅकचाच चालतो, दुसरा पूर्ण झाकला जातो. लक्षण सोपं आहे: चौकट तुमची, दार दुसऱ्याचं किंवा दारच नाही. बिल्डरला दोन्ही तक्ते एकत्र करावे लागतात, आणि तुमच्या ओळी कोणत्या हे त्याला कळलं तरच ते जमतं. म्हणून हॅकमध्ये कोणकोणते टूडीए आहेत आणि त्यांतल्या कुठून कुठपर्यंतच्या ओळी तुमच्या, एवढं लिहाच. माझ्या मते रीडमीतल्या बाकी सगळ्या कौतुकापेक्षा या दोन ओळी मोलाच्या.

गेममधला सोबती जिन्यापाशीच उभा राहतो

अशी तक्रार आली की आधी वॉकमेश, म्हणजे कुठे चालता येतं हे ठरवणारी टाइलची जाळी, बघा. शेजारच्या टाइलशी त्याची कड नीट जुळते का? जुळत असेल तर पाथनोडचं, म्हणजे टाइलमधून कुठून कुठे जाता येतं हे गेमला सांगणारं, अक्षर तपासा. बरेच जण सरसकट 'ए' ठेवतात. टाइलच्या मधून भिंत जात असतानाही 'ए' असेल तर गेमला वाटतं की रस्ता मोकळा आहे, आणि बिचारा सोबती भिंतीला नाक लावून उभा. जी टाइल दुरुस्त करणं जमलं नाही तिचा क्रमांक 'माहीत असलेल्या अडचणी' खाली द्या. त्यात कमीपणा नाही.

ग्रुप सेट फाइलमध्ये आहे पण टूलसेटमध्ये दिसत नाही? बहुतेक वेळा पॅलेटच्या (टूलसेटमधल्या निवडीच्या यादीच्या) आयटीपी फाइलमध्ये त्याची नोंद करायची राहून गेलेली असते.

नावं

फाइलच्या नावाला १६ अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे दोघांना एकच नाव सुचणं अगदी सहज घडतं. फाइलच्या नावांपुढे लावायचं तुमचं आद्याक्षर ठरवा आणि रीडमीत जाहीर करा. टाइलसेटचं नाव स्वतःच्या टीएलकेमध्ये (गेममध्ये दिसणारा मजकूर ठेवणाऱ्या फाइलमध्ये) ठेवलंत तर ती फाइल लागतेच, हेही लिहा. मॉड्यूलला स्वतःची टीएलके एकच जोडता येते. बिल्डरकडे आधीच दुसरी असेल तर तुमच्या नावाच्या जागी भलताच मजकूर दिसेल. त्यापेक्षा नाव थेट सेट फाइलमध्ये लिहिलेलं बरं.

चित्रं

धुकं, मशाली, पौर्णिमा असलेला स्क्रीनशॉट पहिल्या पानावर जरूर टाका. पण बिल्डरला हवं असतं ते भर दुपारचं, वरून घेतलेलं चित्र, ग्रिडच्या रेषांसकट. प्रत्येक ग्रुपखाली त्याचं नाव आणि किती ओळी गुणिले किती स्तंभ. चढाची उंची ५ असेल तर ५ लिहा, वेगळी असेल तर ठळक लिहा.

श्रेयाच्या यादीत 'नेटवरून घेतलं' चालत नाही. कोणाचं मॉडेल, कोणाचं टेक्श्चर (मॉडेलवर चढवलेलं चित्र), पुढे बदलायची परवानगी आहे की नाही, हे फाइलनिहाय द्या.

आणि शक्य असेल तर सोबत एक छोटं मॉड्यूल जोडा: प्रत्येक ग्रुप एकदा ठेवलेला, शेजारी पाटी, पाटीवर नाव आणि टाइलचे क्रमांक. नवी आवृत्ती काढण्याआधी तेच मॉड्यूल उघडून एक फेरी मारा. क्रमांक सरकला असेल तर पाटी एक सांगेल आणि समोर दुसरंच उभं असेल.