वचन रोज नवं, प्रार्थना तीच ती? या चुका टाळा

आमच्या गुरुवारच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, एकदा बायबलातला योहानाचा चौथा अध्याय वाचला, विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईचा. वाचन झालं, पुस्तकं मिटली, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू झाली. आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी, पाळकसाहेबांसाठी. यात चुकीचं काहीच नव्हतं. पण विहीर, घागर, तहान, भर दुपारी एकटीच पाण्याला आलेली ती बाई, यातलं अक्षरही त्या प्रार्थनेत नव्हतं. प्रार्थना मीच करत होते. आदल्या गुरुवारीही मी हीच केली होती, आणि तेव्हा वाचन होतं स्तोत्र २३.

मला वाटतं सगळ्यात मोठी चूक ही आहे, आणि बाकीच्या बऱ्याच हिच्या पोटातूनच निघतात. देवाचं बोलणं ऐकायचं, "हं" म्हणायचं आणि आपला विषय काढायचा. घरात नवरा असं करतो तेव्हा आपल्याला किती राग येतो!

उपाय साधा आहे. प्रार्थनेच्या वेळी पुस्तक उघडंच ठेवा. उतारा दुसऱ्यांदा सावकाश वाचा, जिथे मन अडेल तो एक शब्द धरा आणि त्याच शब्दाने बोलायला लागा. तहान हा शब्द धरला तर रोजची यादी टाकून द्यावी लागत नाही. ससून हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेली शेजारीण त्याच तहानेत येते, निकालाची वाट बघणारा भाचाही येतो. बाराव्या शतकात गुइगो नावाच्या एका मठवासी साधूने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे नुसतं शांत बसणं. आपण पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतो आणि चौथीच्या वेळी कुकरची शिट्टी होते.

वचनाची चिठ्ठी

बऱ्याच ख्रिस्ती घरांत टीव्हीजवळ वचनांचा, म्हणजे बायबलातल्या ओव्यांच्या कार्डांचा, डबा असतो. सकाळी एक कार्ड काढायचं, वाचायचं, कामाला लागायचं. वॉच नाइटला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला, वर्षभरासाठीही वचन काढतात. मीही काढते, आवडतं मला. फक्त पोपटाने चिठ्ठी काढावी आणि ज्योतिषाने भविष्य सांगावं, तसं त्याचं होऊ नये. आवडलं नाही म्हणून कार्ड परत ठेवून दुसरं काढणारी माणसं मी पाहिली आहेत. (एकदा मीही काढलं आहे.)

या डब्यातलं सगळ्यात लाडकं वचन म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११, देवाच्या मनातल्या हिताच्या संकल्पांचं. आमच्या ओळखीचा एक मुलगा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करायचा. हे वचन त्याने टेबलावर चिकटवलं होतं. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर त्याने ते फाडलं आणि आईला म्हणाला, "देवाने शब्द पाळला नाही."

शब्द कोणता दिला होता, हे बघायला अध्यायाच्या सुरुवातीला जावं लागतं. ते एक पत्र आहे. यरुशलेमातून यिर्मयाने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना ते पाठवलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळं ठीक होईल. यिर्मया म्हणतो, नाही. दहाव्या ओवीत आकडा आहे : सत्तर वर्षं. तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं अकराव्या ओवीच्या आधी आहे, पण कार्डावर त्याला जागा नसते.

आणि नगरहून, जालन्याहून पुण्यात आलेल्या आपल्या लोकांसाठी शहरासाठी प्रार्थना सांगणारी सातवी ओवी अकरावीपेक्षा जास्त कामाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. भाड्याची खोली, गावाकडची ओढ, पीएमपीच्या बसमधली धक्काबुक्की, आणि याच शहरासाठी प्रार्थना करायची! त्या मुलाच्या आईला आम्ही तेवढंच सुचवलं : कार्डावरचं वचन आवडलं तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा-दहा ओव्या वाचा, मग प्रार्थना करा. नुसतं सुटं वचन तर मोहाच्या वेळी सैतानानेही येशूपुढे टाकलं होतं, तेही स्तोत्र ९१ मधलं.

फेब्रुवारीत गाडी का अडते

प्रोटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनाहून थोडे जास्त. जानेवारीत पहिलं पुस्तक, उत्पत्ती, भराभर सरतं, मग दुसऱ्या, निर्गमात कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी) येतो, अडीच हात लांब, दीड हात रुंद, आणि तिसऱ्या, लेवीयापर्यंत पोचेतो वाचन सुटलेलं असतं. मग एका रविवारी दुपारी राहिलेले वीस अध्याय एका दमात. तो हिशेब झाला, त्यातून प्रार्थना निघत नाही. राहिलेलं राहू द्या, आजच्या तारखेचं वाचा. किंवा वर्षाचा नाद सोडून मार्कचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र) घ्या, सोळाच अध्याय आहेत, रोज दहा-बारा ओव्या. कॅथलिक घरांत हा घोळ कमी होतो, कारण रोजचं शुभवर्तमान चर्चने आधीच ठरवून दिलेलं असतं.

मोबाईलवर वाचत असाल तर आधी फ्लाइट मोड. वचन फॉरवर्ड केलं म्हणजे प्रार्थना झाली असं होत नाही.

"काहीच वाटत नाही"

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि यात दरवेळी आपली चूक असतेच असं नाही. चूक होते ती पुढे. वाटत नसताना आपण वाटल्यासारखं बोलतो. घरात मयत झालेली असते आणि प्रार्थना मात्र "तरीही आम्ही आनंदी आहोत" अशी. स्तोत्र ८८ काढून बघा. अठरा ओव्या, आणि शेवट अंधारात. पुढे कुठलीही गोड ओळ नाही. तेही बायबलातच आहे, म्हणजे तसं बोलायची परवानगी आहे.

भाषेचंही तसंच. एरवी "अगं", "अरे" करणारी माणसं डोळे मिटले की शंभर वर्षांपूर्वीचं छापील मराठी बोलायला लागतात. पुण्याहून दौंडच्या गाडीने जाता येतं त्या केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायकांना समजावं म्हणून. आपण उलट्या दिशेने का जायचं?

आणि कृपा करून प्रार्थनेतून सुनेला टोमणे मारू नका. "प्रभू, आमच्या घरात काहींना हे वचन समजू दे" हे देवालाही कळतं आणि सुनेलाही.

वंशावळी आली की पान उलटणं

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, येशूच्या पूर्वजांची यादी. नावंच नावं, यातून कसली प्रार्थना करायची? आम्हीही तो टाळत होतो. गेल्या डिसेंबरात ठरवून वाचला. सतरा ओव्या, पुरुषांमागून पुरुष, आणि मधूनच बायका : तामार, राहाब, रूथ. मग एक अशी, जिचं नावच नाही. दाविदाला उरीयाच्या बायकोपासून शलमोन झाला, एवढंच लिहिलंय.

वाचन संपल्यावर कोणी बोलेना. मग आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशींनी डोळे न मिटताच सुरुवात केली. "प्रभू, आमच्या घरात पण एकीचं नाव कोणी घेत नाही," म्हणाल्या, थोडं थांबल्या, आणि मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या धाकट्या जावेचं नाव घेतलं.