मंत्र्याची कारकीर्द लिहायला घेताना

आमच्या साप्ताहिकात नवी पोरं आली की मी त्यांना आधी आबांवर, म्हणजे राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटलांवर, टिपण करायला लावतो. गौरवग्रंथ बाजूला ठेवा. त्यात झाडून सगळे नेते 'झुंजार' असतात. सुरुवात खालून करा: १९७९ला सांगली जिल्हा परिषद, १९९०ला तासगावातून विधानसभा, मग सलग सहा विजय.

खाती मोजत बसू नका, खात्यात काय केलं ते बघा. ग्रामविकास म्हणजे काही मलईदार खातं नव्हे. पण संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान तिथूनच निघालं. इथं जरा रेंगाळा: गावागावांत चुरस, बक्षिसाची ईर्षा, हातात खराटे, सरकारी पैशापेक्षा श्रमदानावर भर.

निर्णय लिहिलात की त्याचं पुढं काय झालं तेही शोधा. २००५ची डान्सबारबंदी २०१३ला सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २६/११नंतर राजीनामा दिला हे सगळे लिहितात. २००९ला गृहखातं परत मिळालं, हे भक्तही गाळतात आणि टीकाकारही.

मालमत्तेसाठी उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र बघा, भाषणांसाठी विधिमंडळाचं कामकाज. कार्यकर्त्यांच्या आठवणी सगळ्यात शेवटी घ्या. रंगतात झकास, पण तारखा हमखास चुकतात.