मैत्रिणीसोबत घरून केकचा बिझनेस सुरू करताय? आमचे पहिले आठ महिने सांगते

२०२२ च्या मार्चमध्ये मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, आम्ही पुण्यात तिच्या धायरीच्या घरातून केक करून विकायला लागलो. तिने बेकिंगचा क्लास केलेला, आयसिंगला हात एकदम साफ, आणि ऑर्डरी, हिशोब, डिलिव्हरी मी बघायची असं ठरलं, म्हणजे चहा पिताना बोलण्यात ठरलं, लिहून काहीच ठेवलं नाही. तिथेच चुकलं आमचं.

पहिले तीन महिने ऑर्डरी चांगल्या येत होत्या पण हातात पैसेच उरत नव्हते. एका रात्री सगळी बिलं घेऊन बसले. अर्धा किलोचा एगलेस चॉकलेट केक आम्ही ३५० ला देत होतो, त्यात सामान १९०, बॉक्स आणि बोर्ड ३०, लाईटचे १२ (१६०० वॉटचा ओटीजी, म्हणजे छोटा इलेक्ट्रिक ओव्हन, प्रीहीट धरून पाऊण तास चालला की जवळजवळ सव्वा युनिट जातं), डिलिव्हरीचे ७०, राहिले ४८ रुपये, आणि त्यात दोघींचे तीन-तीन तास. म्हणजे तासाला आठ रुपये एकीला. मला रडू आलं खरंच.

दुसऱ्या दिवशी तिला दाखवलं तर ती म्हणाली, अगं मी दिवसभर ओट्याशी उभी असते आणि तू फोनवर असतेस, मग निम्मे-निम्मे कसे? मी पण बोलले की भर मे महिन्यात दुपारी मांडीवर केक धरून रिक्षाने कोथरूडला कोण जातं. नऊ दिवस बोललो नाही. ऑर्डरीपुरते मेसेज, बस. नवीन लोकांनो, मैत्री आहे म्हणून पैशाचं बोलायला लाजू नका, कारण भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि त्यातही आपसात काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखाच वाटून घ्यायचा असं आहे, मग काम कोणी कितीही केलेलं असो. आम्ही शेवटी वहीत लिहिलं: जी जितके तास काम करेल तिला तासाला ६० रुपये आधी, उरलेला नफा निम्मा-निम्मा, आणि नातेवाइकांना पण पूर्ण रेट. माझ्या आत्याला राग आला, आला तर आला. केकचा रेट ५०० केला, डिलिव्हरी वेगळी, निम्मे पैसे ॲडव्हान्स. ऑर्डरी जवळजवळ निम्म्या झाल्या आणि पैसे पहिल्यांदा उरले.

कामातलं पण सांगते. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत ठेवायचा थर्मामीटर घ्या, आमच्याकडे १८० वर फिरवलं तरी आत १५५ च असायचं आणि स्पंज मध्ये बसायचा, आम्ही उगाच रेसिपी बदलत राहिलो. गुरुवारी पुण्यात दुपारी लाईट जायची भीती, एकदा संध्याकाळच्या बर्थडेचा स्पंज अर्धवट भाजलेला असताना गेली, सगळा टाकला. आता स्पंज आदल्या रात्रीच करून क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये, कापताना चुरा पण कमी पडतो. व्हिपिंग क्रीम फेटायच्या आधी भांडं आणि ब्लेड पण गार करा, मे महिन्यात तर करायचंच.

एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याचे पदार्थ विकायला लागतं ते सरकारी रजिस्ट्रेशन घाबरण्यासारखं नाहीये, ऑनलाइन होतं, आम्ही केलं तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर वर्षाला १०० रुपये फी होती, आणि जो १४ आकडी नंबर मिळतो तो लेबलवर टाकायचा. एगलेस म्हणून विकणार असाल तर भांडी, टिन सगळं वेगळं ठेवा, लोक विचारतात आणि त्यांनी विचारलंच पाहिजे.

दिवाळीत मात्र केक बाजूला ठेवले आणि नानकटाई केली. आमच्या लहानपणी आई मैदा, साखर, तूप डब्यात घालून बेकरीत द्यायची आणि पत्र्याचे ट्रे भाजून घरी यायचे, ते आठवणारे लोक खूप आहेत. क्रीम नाही, फ्रीज नाही, रिक्षात हादरे बसले तरी चालतं. ३८ किलो गेली. त्यानंतर केक फक्त शनिवार-रविवार घेतो, मधल्या वारी नानकटाई आणि खारी बिस्किटं. मंगळवारी कुणी केक मागितला की नाही म्हणताना माझा जीव अजून खालीवर होतो, पण ती ओट्याकडून मान हलवते, मग मी फोनवर शनिवारचंच सांगते.