तार षड्जापर्यंत कसं जावं: गळा जपून आवाज शोधण्याचा रियाज

काळी एक पट्टीत (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) गाणाऱ्या पुरुषाचा तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला ‘सा’, लागतो तेव्हा स्वरतंतू सेकंदाला साधारण २७७ वेळा एकमेकांवर आपटतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीच्या गळ्यात हाच आकडा ४१५च्या घरात जातो. त्यात जोर लावला की आपटणंही तितकंच जोरात होतं. तरीही वर जायचंच आहे, नाहीतर गाणं मध्य सप्तकातच अडकून पडतं. म्हणून नियम एकच ठेवा: एका बैठकीत एकच धाडस. उंची वाढवायची असेल तर आवाज हळू ठेवा, जोर वाढवायचा असेल तर सवयीच्या स्वरांतच राहा.

आधी पट्टी तपासा. आवडत्या गायकाची पट्टी तुमची असेलच असं नाही. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) स्पष्ट लागतो आणि तार गंधार (वरच्या सप्तकातला ‘ग’) मान न ताणता लागतो, ती तुमची पट्टी.

मग दहा मिनिटं गळा गरम करा. तोंड मिटून ‘म्’चा गुंजारव करत मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत सावकाश या. शीतपेयाची साधी स्ट्रॉ ओठांत धरून तिच्यातून ‘ऊ’ गायलात तर आणखी चांगलं. वाट अरुंद असल्यामुळे हवेचा थोडा दाब मागे राहतो, आणि स्वरतंतू हलकेच भेटतात.

आता चढण. तानपुरा लावा आणि मध्य पंचमावरून तार षड्जापर्यंत ‘ऊ’वर मींड घ्या, म्हणजे आवाज न तोडता घसरत वर जा, निम्म्या आवाजात. दोन बोटं स्वरयंत्रावर हलकी ठेवा. गिळताना ते जसं वर पळतं तसं पळालं, किंवा हनुवटी उचलली गेली, तर तिथेच थांबून दोन स्वर खाली या. जमलं की तीच मींड आकारात, म्हणजे ‘आ’वर, घ्या. आकारात आवाज पसरतो आणि जोर लावायचा मोह होतो, म्हणून तो नंतर.

वाटेत आवाज फाटेल. फाटू द्या. बहुतेक जण इथे घाबरून गळा आवळतात, आणि खरी इजा त्या आवळण्यानेच होते. कोणत्या स्वरावर फाटला ते वहीत लिहा, समजा धैवतावर (‘ध’). मग उलट करून पाहा: तार षड्ज खोट्या, पातळ आवाजात अलगद लावा आणि तिथून आवाज न तोडता धैवतावरून पंचमावर उतरा. खोट्या आवाजाला कमी लेखू नका. खरा आणि खोटा आवाज जिथे जुळतात तो जोड कुठे आहे ते चढताना कळत नाही, उतरताना कळतं, आणि काही आठवड्यांत तो बुजायला लागतो. अशा शोधाला शरीराची मर्यादा आड येतेच असं नाही. क्षयाने एक फुप्फुस अधू झाल्यावर शास्त्रीय गायक कुमार गंधर्व मध्य प्रदेशातल्या देवासला राहून पुन्हा गाऊ लागले, आणि छोट्या, चपळ स्वराकृतींची त्यांची गायकी साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली.

तार सप्तकातलं हे काम सुरुवातीला पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त नको. मध्ये पाणी प्या. शेवटी पुन्हा गुंजारव करून खाली या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या स्वरात अगदी हळू ‘ऊ’ गाऊन पाहा. जोर लावल्याशिवाय तो निघतच नसेल तर स्वरतंतूंना सूज असू शकते. त्या दिवशी तार सप्तक बंद, फक्त ऐकणं. घसा बसल्यावर कुजबुजत बोलूही नका, त्यानेही ताण पडतो. गाता गाता आवाज अचानक गेला तर तत्क्षणी थांबा, बोलणंही बंद ठेवा आणि लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर दुर्बिणीतून तपासणी करून घ्या. रक्त पडलं किंवा गिळताना दुखलं तर तेवढीही वाट पाहू नका.

आठवड्यातून एकदा तीच मींड मोबाइलवर रेकॉर्ड करून गुरुजींना किंवा ताईंना ऐकवा. स्वर लागला का, एवढंच विचारू नका; तो लावताना गळा आवळलेला ऐकू येतो का, हेही विचारा.